तिच्या बंगळुरूबद्दल

लोणावळा, आषाढ

चि. दादू,

वहिनी सांगत होती, साखरपुडा झाल्यापासून तुझा सगळा जीव फोनमध्ये. तुझी होणारी बायको पुण्याहून लोकलने निघाली की तळेगाव आलं का, कामशेत आलं का. उत्तराला जरा उशीर झाला की रुसवा. आता तिला बंगळुरूची नोकरी मिळतेय, तर ‘प्रेम असेल तर जाणार नाहीस’ म्हणालास म्हणे.

तुझं तिच्यावर प्रेम आहे, यात मला शंका नाही. शंका तुला स्वतःबद्दल आहे आणि जाच तिला होतोय. तिचा पगार तुझ्यापेक्षा जास्त, हे मनात धरून बसलायस. तिने सकाळी दिलेला भरवसा तुला संध्याकाळपर्यंतही पुरत नाही.

दोन नवऱ्यांची गोष्ट सांगते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ साली पीएच.डी.साठी जर्मनीला निघाल्या, ते सासऱ्यांना पसंत नव्हतं. सासरे कोण, तर बायकांच्या शिक्षणासाठी झटलेले महर्षी कर्वे! (घरच्या सुनेची गोष्ट आली की मोठमोठ्यांचंही असं होतं.) नवरा मात्र तिच्या बाजूने उभा राहिला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. बायकोचं नाव जगभर झालं, ती पुण्यात स्कूटर चालवायची, नवऱ्याला सरळ ‘दिनू’ म्हणायची. त्यांचं काही अडलं नाही. त्यांना स्वतःचं काम होतं.

उलट गोपाळराव जोशी बघ. बायकोने शिकावं हा हट्ट त्यांचाच. पण आनंदीबाई अमेरिकेत डॉक्टरकी शिकू लागल्या आणि या पोस्टातल्या कारकुनाच्या पत्रांत टोमणे उतरू लागले. १८८६ला ती डॉक्टर झाली, पुढच्याच वर्षी गेली. बायकोला पुढे ढकलायची जिद्द त्यांच्यात होती. ती पुढे गेल्यावर शांत राहायला लागतो तो भरवसा नव्हता, असं माझं मत.

स्वतःवरचा भरवसा म्हटलं, तरी भुशी डॅमच्या रस्त्यावर बुलेटचे फटाके वाजवत फिरतात, तसला रुबाब मी म्हणत नाही. तू पूर्वी मित्रांबरोबर लोहगड-विसापूर पालथे घालायचास, ते बंद. डिप्लोमानंतर पदवी करणार होतास, तो फॉर्म अजून कोराच. असं स्वतःचं काही न उरलेला माणूस दुसऱ्याच्या फोनवरच जगणार. फॉर्म आधी भर.

आणि तिला फोन करून सांग, बंगळुरूचं तूच ठरव, मी चुकीचं बोललो. रविवारी आपल्याकडे आवणी आहे, तिलाही घेऊन ये. पण तिला विचारून, हुकूम सोडून नको.

तुझी,
आत्या