दक्षिण ध्रुवावरून आलेले फोटो



भारतातल्या आजीला फोटो पाठवायला आपल्याला क्षणभर पुरतो. पण जिथे तार नाही, टॉवर नाही, तिथून फोटो कसा पाठवायचा? या पाठात आपण एक खरी गोष्ट वाचू आणि थोडे गणितही करू.

दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचे अमुंडसेन-स्कॉट हे संशोधन केंद्र आहे. हिवाळ्यात तिथे कित्येक महिने सूर्य उगवत नाही आणि कडाक्याच्या थंडीमुळे विमान सहसा उतरत नाही. १९९९ च्या हिवाळ्यात तिथे एकच डॉक्टर होत्या, जेरी नीलसन. त्यांच्या स्वतःच्याच छातीत गाठ निघाली! सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी गाठीतल्या पेशी सुईने काढल्या आणि त्यांचे फोटो उपग्रहामार्फत अमेरिकेतल्या तज्ज्ञांकडे पाठवले. पण पेशी रंगवायचे रसायन जुने होते, त्यामुळे निदान होईना. जुलैमध्ये विमानातून औषधे व नवे साहित्य खाली टाकण्यात आले. पुन्हा फोटो गेले, कर्करोग असल्याचे ठरले. ऑक्टोबरमध्ये विमान उतरले आणि त्यांना परत आणण्यात आले. त्यानंतर त्या जवळजवळ दहा वर्षे जगल्या.

ध्रुवावरून उपग्रह दिसतो का? दळणवळणाचे बरेच उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. ध्रुवावरून ते क्षितिजाखाली राहतात. मात्र उपग्रह म्हातारा झाला, त्याचे इंधन संपत आले, की त्याची कक्षा कलते आणि रोज काही तास तो ध्रुवावरून दिसू लागतो. १९७८ साली सोडलेला गोज-३ हा हवामान उपग्रह असाच २०१६ पर्यंत ध्रुवाच्या कामी आला. म्हातारपणीही केवढा उपयोग!

१९९८ मध्ये इरिडियमची सेवा सुरू झाली. तिचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरूनही जातात. पण तिच्या जुन्या फोनवरून सेकंदाला फक्त २,४०० बिट जात. आता गणित करू. ३ मेगाबाइटचा फोटो म्हणजे सुमारे २,४०,००,००० बिट. भागा २,४०० ने: १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून जास्त! तोच फोटो ६० किलोबाइटचा केला तर २०० सेकंद पुरतात.

म्हणून दूरवर काम करणारी माणसे आधी विचारतात, ‘पाहणाऱ्याला यात काय दिसायला हवे?’ तेवढाच भाग कापून, लहान करून पाठवतात. सोबत दिवस, वेळ व ठिकाण लिहितात. मूळ फोटो जपून ठेवतात. पण मुळातच अस्पष्ट असलेला फोटो कितीही वेगाने गेला तरी उपयोगाचा नाही, हे डॉक्टरांच्या गोष्टीतून आपण शिकलो.

शब्दार्थ
दळणवळण – संपर्क, ये-जा
विषुववृत्त – पृथ्वीच्या मध्यावरची कल्पित रेषा
क्षितिज – आकाश जमिनीला टेकल्यासारखे दिसते ती रेषा
निदान – रोग ओळखणे

स्वाध्याय
१. १२० किलोबाइटचा फोटो जुन्या इरिडियम फोनवरून पाठवायला किती सेकंद लागतील?
२. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांचे काम गोव्यातून चालते. भारताचे ‘मैत्री’ केंद्र सुमारे ७१ अंश दक्षिणेला आहे. तिथून विषुववृत्तावरचा उपग्रह दिसेल का? आईबाबांबरोबर पृथ्वीगोल घेऊन शोधा.
३. घरातला एक फोटो निवडा. तो आजीला फोनवर पाच वाक्यांत मराठीत सांगा.