तासातासाची बातमी

मुलांनो, तुम्ही दूरचित्रवाणीवर बातम्या पाहता. आज फिलिपाईन्स देशातील बातम्यांविषयी वाचू या.

हा देश सात हजारांहून अधिक बेटांचा आहे. दरवर्षी सुमारे २० चक्रीवादळे त्याच्या परिसरात येतात. अशा देशात रात्रीच्या बातम्यांची वाट पाहून कसे चालेल? म्हणून तेथील वाहिन्या दिवसभर अधूनमधून छोटी बातमीपत्रे देतात. एबीएस-सीबीएन वाहिनीवर 'न्यूज पॅट्रोल' नावाचे असे बातमीपत्र तासातासाला लागत असे. परवान्याची मुदत संपल्यामुळे मे २०२० मध्ये त्या वाहिनीचे प्रक्षेपण थांबले.

छोट्या बातमीपत्रात अवघड शब्द समजावून सांगायला वेळ नसतो. म्हणून त्यातील प्रत्येक शब्द सोपा हवा. नाहीतर काय होते, ते पाहा.

नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथे 'हैयान' हे भयंकर चक्रीवादळ आले. तेथील लोक त्याला 'योलांडा' म्हणतात. हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता. रेडिओ व दूरचित्रवाणीवरून तो लोकांपर्यंत गेला. त्यात 'स्टॉर्म सर्ज' असे इंग्रजी शब्द होते. वादळाच्या जोराने समुद्राचे पाणी चढते आणि गावात घुसते, असा त्यांचा अर्थ. पण पुष्कळांना तो कळला नाही. वादळे त्यांच्या ओळखीची होती. वारा सुटेल, पाऊस पडेल, असे समजून अनेक जण घरीच राहिले. ८ नोव्हेंबरच्या सकाळी टॅक्लोबान शहरात समुद्र शिरला. या वादळात सहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली. 'त्सुनामी' म्हटले असते तर आम्ही पळालो असतो, असे वाचलेले लोक नंतर सांगत.

बातमी वेळेवर पोचली होती. तिचा अर्थ पोचला नव्हता.

मुलांनो, तुम्हांला एकाहून अधिक भाषा येतात. उद्या एखादी सूचना घरातील वडीलधाऱ्यांना किंवा शेजाऱ्यांना सांगायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा अवघड शब्द तसाच पुढे ढकलू नका. काय होणार आहे आणि काय करायचे आहे, ते त्यांच्या भाषेत सांगा.

शब्दार्थ
प्रक्षेपण – कार्यक्रम दूरवर पाठवणे
इशारा – धोक्याची आगाऊ सूचना
वडीलधारे – घरातील मोठी माणसे

स्वाध्याय
१. फिलिपाईन्समध्ये दिवसभर छोटी बातमीपत्रे का लागतात?
२. इशारा मिळूनही अनेक लोक घरी का राहिले?
३. 'नदीला पूर येणार आहे' ही सूचना शेजारच्या आजींना कशी सांगाल? तीन सोपी वाक्ये लिहा.