रानातील प्रदक्षिणा : एका सहलीची आखणी

गेल्या दोन-तीन वर्षांत वरच्या वर्गांतील विद्यार्थी आमच्याकडे एकच मागणी घेऊन येत आहेत. बसने जाऊन बसने परत येण्याची सहल त्यांना पुरेशी वाटत नाही. पाठीवर बिऱ्हाड घेऊन तीन-चार दिवस रानातून चालावे, रात्री राहुटीत निजावे आणि निघालो तेथेच दुसऱ्या वाटेने परतावे, अशी त्यांची इच्छा आहे. इच्छा उत्तम आहे. मात्र अशा फेरीचा खरा अभ्यास घरी, नकाशापुढे बसून करावा लागतो. तो कसा करावा, हे आपल्या सह्याद्रीतील एक वाट घेऊन पाहू.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परतावयाचे असेल, तर आलेली वाट आपल्या ओळखीची असते. पाणी कोठे होते, पाऊल कोठे घसरले, हे पायांना ठाऊक असते. प्रदक्षिणेची गोष्ट वेगळी. तिच्यात रोजची वाट नवी असते, आणि अशी एक जागा येते की जेथून मागे फिरणे व पुढे जाणे सारखेच लांब पडते. ती जागा कोठे आहे, हे निघण्यापूर्वी ज्याला नकाशावर बोट ठेवून सांगता येत नाही, त्याने मुलांना घेऊन रानात शिरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता वाट पाहू. गोव्यातील कुळे हे घाटाच्या पायथ्याचे स्थानक. तेथून पूर्वेस रानवाटेने दूधसागरचा पायथा, वर चढून कर्नाटकातील कुवेशी हे लहानसे गाव, तेथून कॅसलरॉक, पुढे अनमोडच्या बाजूस हमरस्ता, आणि घाट उतरून मोलेमार्गे पुन्हा कुळे, असे हे वर्तुळ होते. कॅसलरॉकला १९६१ पर्यंत भारताच्या हद्दीतील जकातीचे ठाणे होते आणि कुळ्यास पोर्तुगिजांचे. ज्या सरहद्दीवर आपल्या आजोबांची बोचकी सोडून पाहिली जात, ती आज नकाशावरील एक बारीक रेघ आहे. पण आखणी करताना ती रेघ विसरून चालत नाही. खालचे रान भगवान महावीर अभयारण्यात येते. त्याचे क्षेत्र २४० चौरस किलोमीटर असून त्यांपैकी १०७ चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान आहे. वरचा भाग काळी व्याघ्रप्रकल्पाकडे मोडतो. म्हणजे अर्ज दोन राज्यांच्या वनखात्यांकडे करावयाचे, आणि दोन्हीकडील लेखी परवाने हाती आल्यावाचून पुढचा कागद काढावयाचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशा रानात विनापरवाना प्रवेश हा अपराध आहे. गाभ्यातील रानात राहुटी ठोकण्यास परवानगी मिळेल, अशी आशाही धरू नये. म्हणून आम्ही तिन्ही मुक्काम वस्तीच्या कुशीत धरले आहेत : पहिला कुळ्यास, दुसरा कुवेशीस, तिसरा कॅसलरॉकला, आणि तेही वनखाते व गावकरी दाखवतील त्याच जागी. चौथ्या दिवशी हमरस्ता गाठून बस धरावयाची. घाटात मालमोटारींच्या रांगा चालतात. तेथे मुलांना पायी उतरवण्यात पुरुषार्थ नाही.

लोहमार्गाने चालत जाण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो, कारण वाट चुकण्याची भीती नसते. तो मनातून काढून टाकावा. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरण्यास जागा नसते, आणि कायद्याने तर ती वाट बंदच आहे. जुलै २०२३ मध्ये दूधसागरकडे निघालेल्या हौशी तरुणांना पोलिसांनी उठाबशा काढावयास लावल्याची चित्रे साऱ्या देशाने पाहिली. आमच्या विद्यार्थ्यांनी उठाबशा शाळेतच काढाव्यात, त्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही.

वर्तुळ कोणत्या दिशेने फिरावे? वरून खाली उतरणे सोपे, असे प्रथमदर्शनी वाटते. आम्ही उलट दिशा धरली. या सबंध फेरीत दूधसागरचा पायथा ते कुवेशी हाच तुकडा असा आहे की जेथे गाडी पोहोचत नाही. पायथ्यापर्यंत कोरड्या ऋतूत जीपगाड्या येतात. कॅसलरॉकला रेल्वे आहे. त्यापुढे हमरस्ता जवळ आहे. मधल्या चढात मात्र एखाद्याचा पाय मुरगळला तर त्याला खांद्यावरूनच न्यावे लागेल. असा तुकडा शेवटी ठेवला, तर तो थकलेल्या पायांच्या वाट्यास येतो. शिवाय ओल्या दगडांवर उतारच अधिक दगा देतो. म्हणून तो आधी, ताज्या अंगाने चढून जावा. यावर एक आक्षेप खरा आहे : कोण कच्चा, कोण पक्का, हे पहिल्या दिवशी कळलेले नसते. त्यावर उपाय एवढाच की महिनाभर आधी सर्वांना भरलेल्या ओझ्यासह एक दिवस चालवून पाहावे.

वेळेचा हिशेब गणिताच्या वहीत करावा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला. तो आजच्या मापांत असा : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास. नकाशावर वाटेच्या वळणांवरून दोरा ठेवावा आणि तो मोजपट्टीला लावून अंतर काढावे. कुळे ते कुवेशी हिशेबापुरते १५ किलोमीटर आणि चढ ५०० मीटर धरू. चालण्याचे ३ तास, चढाची ५० मिनिटे. एकूण ३ तास ५० मिनिटे. परंतु हा नियम धट्ट्याकट्ट्या एकट्या माणसाचा आहे. पाठीवर ओझे, मध्ये ओढे आणि चोवीस जणांची रांग असता आम्ही त्याची दुप्पट धरतो : ७ तास ४० मिनिटे. सकाळी ७ ला निघून, जेवणास एक तास देऊन, दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी पोहोचू. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाती सव्वादोन तास उरतात. ते राहुटी, पाणी व चूल यांना हवेतच. येथेच एक अट लिहून ठेवावी : दुपारी १२ पर्यंत धबधब्याच्या पायथ्याशी पोहोचलो नाही, तर तेथूनच कुळ्यास माघारी. ही अट आधी लिहिलेली असावी. कारण ऐन वेळी मुलांचे हिरमुसलेले चेहरे पाहून शिक्षकाचाही निश्चय ढळतो.

शिध्याचे गणित त्यामानाने सोपे. पहिल्या रात्रीपासून चौथ्या दुपारपर्यंत सहा जेवणे. माणशी दर जेवणास १५० ग्रॅम तांदूळ. चोवीस जणांचे २१.६ किलो. वाटून घेतले की प्रत्येकाच्या पाठीवर ९०० ग्रॅम येतात. जोडीला कुळथाचे पीठ, सोले, गूळ, सुके खोबरे. डबे व बाटल्यांचे लोणचे कोणी घेऊ नये. पाण्याला मात्र वजन आहे हे विसरले जाते : एक लिटर म्हणजे एक किलो. प्रत्येकाने दोन लिटर भरून निघावे आणि वाटेवरचे पाणी उकळूनच प्यावे. डिसेंबरात ओढे वाहते असतात. मार्चमध्ये याच नकाशावरील कित्येक निळ्या रेघा कोरड्या सापडतील.

एका संकटाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि मागोमाग माणसांना ताप येऊ लागला. हाच माकडताप. त्याचे विषाणू रानातील गोचिडींतून माणसाच्या अंगात शिरतात. २०१५ पासून आपल्या सत्तरीतही त्याचे रुग्ण आढळले असून काहींचे प्राण गेले आहेत. गोचिडीची पिल्ले कोरड्या ऋतूत पाचोळ्यात असतात, म्हणजे नेमकी सहलीच्या दिवसांत. तेव्हा निघण्यापूर्वी आरोग्यकेंद्रात जाऊन त्या वर्षी त्या गावांत ताप आहे काय, हे विचारावे. असल्यास सहल रद्द. नसल्यासही पाचोळ्यावर बसू-निजू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून विजार मोज्यांत खोचावी, आणि संध्याकाळी एकमेकांचे अंग तपासावे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्यास कळवावे. परतल्यावर पंधरवड्यात कोणास ताप भरला, तर वैद्यांना 'आम्ही रानात होतो' हे प्रथम सांगावे.

शेवटचा कागद घरच्यांसाठी. त्यावर मुक्कामांची नावे, प्रत्येक ठिकाणी पोहोचण्याची वेळ, सर्वांची नावे आणि पालकांचे दूरध्वनी असावेत. घाटात भ्रमणध्वनी बहुधा मुका होतो. तेव्हा १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक पाठ असून भागत नाही, तो कोठून लावता येईल हेही गावकऱ्यांना विचारून टिपून ठेवावे. कागदाच्या तीन प्रती काढाव्यात : एक मुख्याध्यापकांकडे, एक वनखात्याच्या नाक्यावर, एक आमच्या खिशात. तळाशी एक ओळ ठळक अक्षरांत लिहावी : दुसऱ्या दिवशी रात्री ८ पर्यंत कुवेशीहून किंवा कुळ्याहून निरोप आला नाही, तर शोध सुरू करावा.