मधाचे बोट

मध कोणाला आवडत नाही? पोर असो की म्हातारा, बोटाला मध लागला की बोट आपोआप तोंडाकडे जाते. आपल्या बोलण्यातही मध आहे. गोड बोलण्याला आपण मधाळ बोलणे म्हणतो. कोणी नुसत्या आशेवर झुलवत ठेवले, तर 'त्याने मधाचे बोट लावले' असे म्हणतो.

मध हे अन्न आहे. मध हे घरगुती औषधही आहे. पण एका जिवाला मात्र मधाचे बोट कधीच लावू नये. तो जीव कोणता, ते पुढे सांगतो. आधी मध होतो कसा, ते पाहू.

मध कसा होतो?

फुलात गोड रस असतो. त्याला मकरंद म्हणतात. मकरंद म्हणजे मध नव्हे. तो पाण्यासारखा पातळ असतो. कामकरी माशी तो सोंडेने ओढते आणि पोटातल्या एका पिशवीत भरून घरी आणते. तिच्या अंगातले पाचक रस त्यात मिसळतात. मग तो रस मेणाच्या घरात ठेवतात. माश्या पंखांनी वारा घालतात. पाणी उडून जाते. रस दाट होतो. मध पिकला की माश्या त्या घरावर मेणाचे झाकण घालतात.

पिकलेल्या मधाच्या शंभर भागांत सुमारे ८० भाग साखर असते. पाणी २० भागांच्या आत असते. पाणी इतके कमी, म्हणून मध नासत नाही. पण झाकण उघडे राहिले, तर तो हवेतले पाणी ओढतो आणि आंबतो. म्हणून बरणीचे झाकण घट्ट लावावे.

एक माशी जन्मभर राबली, तरी तिच्या वाट्याचा मध चमचाभरही होत नाही. आपण बोट बुडवतो, तेव्हा कितीतरी जिवांचे कष्ट चाटतो.

आपल्याकडच्या माश्या

आपल्या मुलखात मध करणाऱ्या माश्या मुख्यतः चार. आग्या माशी सर्वांत मोठी आणि रागीट. ती उंच झाडाला किंवा कड्याला एकच मोठे पोळे लावते. फुलोरी माशी लहान. तिचे पोळे झुडपात असते. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात ओळीने पोळी बांधते. ही माशी पेटीत पाळता येते. चौथी पोयाची माशी. ती अगदी बारकी. तिला नांगी मारता येत नाही.

खाण्यातला मध

मधातली साखर लवकर पचते. म्हणून थकलेल्या माणसाला मधपाण्याने हुशारी वाटते. भाकरीबरोबर, दुधाबरोबर मध चांगला लागतो.

पण मध म्हणजे दूध नव्हे, डाळ नव्हे. अंगात मांस भरायला जे लागते, ते मधात जवळजवळ नाही. मध खाऊन डाळ-भाकरी सोडली, तर अंग भरणार नाही. आणि ज्याला मधुमेह आहे, त्याला मध ही साखरच. "हा तर रानचा आहे, याने काही होत नाही," असे म्हणून मधुमेहाच्या माणसाने बरणी जवळ करू नये.

औषधातला मध

आपल्या वैद्यांनी मध फार जुन्या काळापासून वापरला. सुश्रुतांच्या ग्रंथात मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. औषधाचे चूर्ण मधात कालवून चाटवायची रीत आजही घरोघरी आहे. आल्याचा रस आणि मध, अडुळसा आणि मध, हे कोणाला ठाऊक नाही?

खोकल्यावर मधाचा गुण येतो, हे आजचे डॉक्टरही मान्य करतात. मध घशाला लेप देतो. खवखव कमी होते. वर्षावरच्या मुलाला रात्री खोकला येत असेल, तर झोपताना अर्धा-एक चमचा मध द्यायला हरकत नाही.

पण खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला, तर मध चाटत बसू नका. तो क्षय असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

जखमेवरही लोक मध लावतात. मधात जंतू सहसा वाढत नाहीत, हे खरे. काही दवाखान्यांत जखमेसाठी खास शुद्ध केलेला मध वापरतात. पण घरातल्या बरणीचा मध तसा नसतो. खोल जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, धनुर्वाताची सुई घ्यावी, डॉक्टरला दाखवावे.

तान्ह्याला मध नको

आता तो जीव कोणता, ते सांगतो. तो जीव म्हणजे वर्षाच्या आतले तान्हे बाळ.

साक्षरतेच्या वर्गासाठी आम्ही गावोगाव जातो. एका गावी हा धडा वाचून दाखवला. तेव्हा एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आमच्यात पोर जन्मलं की पहिलं मधाचं बोटच चाटवतात. माझी सहा पोरं तशीच वाढली. आता तुम्ही हे नवीन काय काढलंत?"

वर्गात सारे गप्प झाले. आजींचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांचे प्रेमही खोटे नव्हते. आम्ही म्हणालो, "आजी, तुमची पोरं वाढली, ही देवाची कृपा. रस्ता न बघता ओलांडला, तर दर वेळी गाडी अंगावर येत नाही. पण म्हणून आपण नातवाला तसं शिकवतो का?"

मग आम्ही कारण सांगितले. मातीत एक जंतू असतो. त्याचे बारीक बीज कधी कधी मधात येते. मध कितीही शुद्ध असला, तरी येते. डोळ्यांना दिसत नाही. घरी मध उकळला, तरी ते मरत नाही. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाही. तान्ह्याचे आतडे कोवळे असते. तिथे ते रुजते आणि विष तयार करते. बाळाला शौचाला होत नाही. रडणे बारीक होते. दूध ओढता येत नाही. मान आणि हातपाय लुळे पडतात. पुढे श्वासही अडतो. हा आजार क्वचित होतो. पण होतो, तेव्हा जिवावर बेततो. अशी लक्षणे दिसली, तर बाळाला तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे.

आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. त्यांची सून सात महिन्यांची गरोदर होती आणि मागे बसून ऐकत होती. मग आजींनी विचारले, "मग बाळाला पहिलं द्यायचं काय?"

"आईचा चीक," आम्ही सांगितले. "तासाभरात बाळ छातीशी घ्यावं. सहा महिने आईचं दूधच. मध नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही."

आजी म्हणाल्या, "रीत मोडायला नको. मधाचं बोट बाळाच्या बापाला चाटवू!" सारा वर्ग हसला. सूनबाईही हसली.

खरा मध ओळखावा कसा?

कोणी मध पाण्यात टाकून बघतात. कोणी वात बुडवून पेटवतात. कुत्रा खरा मध खात नाही, असेही सांगतात. या परीक्षांवर विसंबू नये. भेसळ करणारे हुशार असतात. खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होते. म्हणून ओळखीच्या मधपाळाकडून किंवा ॲगमार्कची खूण पाहून मध घ्यावा.

थंडीत मध गोठून दाणे धरतो. ती भेसळच असते, असे नाही. खरा मधही गोठतो. बरणी कोमट पाण्यात ठेवावी. चुलीवर तापवू नये.

मोहोळ जाळू नका

पुष्कळ ठिकाणी मशाली पेटवून मोहोळ झाडतात आणि सगळे पोळे कापून पिळतात. त्यात अंडी, अळ्या सारे चिरडते. मध गढूळ होतो आणि माश्यांचा वंश जातो. शहाणा मधपाळ मधाचा भागच कापतो, पिलांचा भाग राखतो. पेटीतल्या चौकटी यंत्रात फिरवल्या, की पोळे न मोडता मध निघतो.

माशी गेली, तर मधच जातो असे नाही. सूर्यफूल, कारळे, कांद्याचे बी, कलिंगड, काकडी यांच्या फुलांत पराग इकडून तिकडे नेण्याचे काम माशी करते. माशी आली नाही, तर फूल लागते, पण दाणा भरत नाही. म्हणून पीक फुलात असताना विषारी फवारणी टाळावी. करावीच लागली, तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करावी.

साताऱ्याच्या महाबळेश्वर तालुक्यात जांभूळ, हिरडा, कारवी यांच्या फुलांवर फार दिवसांपासून मधाचा धंदा चालतो. तिथले मांघर हे गाव २०२२ साली देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पुण्यात १९६२ साली मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था निघाली. ज्याला हा जोडधंदा करायचा, त्याने आधी शिकून घ्यावे. मगच पेटी आणावी.

लक्षात ठेवा

१. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. बोटभरही नाही.
२. मधुमेहात मध ही साखरच.
३. दोन आठवड्यांवरचा खोकला दवाखान्यात दाखवावा.
४. मध घ्यावा, मोहोळ राखावे.

प्रश्न

१. मकरंदाचा मध कसा होतो?
२. आजींनी काय विचारले? आम्ही काय उत्तर दिले?
३. तुमच्या घरी बाळाला पहिले काय देतात? हा धडा घरी वाचून दाखवा.