सिमेंटच्या गोण्यांची घरगुती हाताळणी

रब्बीचा माल घरात आला की पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत खेडोपाडी बांधकामे निघतात. कोणी गोठ्याची फरशी करतो, कोणी पाण्याचा हौद बांधतो. चिनाईसाठी गवंडी मिळतो. परंतु माल उतरवून घेण्याचे काम बहुधा घरची माणसेच करतात. याच कामात उसण भरते आणि ऐन पेरणीच्या तोंडावर घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो. हे नुकसान थोड्या दक्षतेने टाळता येण्याजोगे आहे.

भाराचे मान

सिमेंटची एक गोणी 50 किलोग्रॅमची असते. 20 गोण्यांचा एक टन होतो. एका ब्रासची, म्हणजे 100 घनफूट, वाळू साधारणतः साडेचार टन भरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली केलेल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाने एकट्याने हाताळावयाच्या भाराची कमाल मर्यादा 55 किलोग्रॅम आहे. स्त्रियांसाठी ती याहून बरीच कमी असावी. म्हणजे सिमेंटची एक गोणी ही सशक्त पुरुषाच्याही मर्यादेच्या अगदी जवळ येते. स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यावर हा भार टाकू नये.

उसण का भरते ?

पाठीचा कणा ताठ ठेवणारे स्नायू कण्याच्या मागे सुमारे 5 सेंटिमीटरवर असतात. गोणी कण्यापासून 40 सेंटिमीटर पुढे धरली, तर तरफेच्या नियमाने या स्नायूंना गोणीच्या वजनाच्या आठपट ओढ सोसावी लागते. तीच गोणी पोटाशी घेतल्यास अंतर निम्म्यावर येते व ओढही निम्मी होते. उचलताना कंबरेत पिळा पडला, तर इजेचा धोका आणखी वाढतो.

उचलण्याची रीत

1. वाटेतील दगड, दोर व चिखल आधी दूर करावा.
2. पाय थोडे फाकवून गोणीच्या अगदी जवळ उभे राहावे.
3. पाठ सरळ ठेवून गुडघ्यात वाकावे, गोणी पोटाशी घ्यावी व मांड्यांच्या जोरावर उठावे.
4. वळताना पावले टाकून सर्व शरीर वळवावे. केवळ कंबर वळवू नये.
5. शक्य तेथे दोघांनी मिळून उचलावे व एकाने इशारा द्यावा.

ट्रॉलीवरून गोणी थेट खांद्यावर किंवा गाड्यावर घ्यावी. ती एकदा जमिनीवर टेकली की पुन्हा उचलण्याचे श्रम पडतात, आणि उसण बहुधा तेव्हाच भरते.

चाकाचा उपयोग

ट्रॉली दारापर्यंत येत नसेल, तर एकचाकी हातगाडा वापरावा. चाकाच्या आसापासून मुठी 120 सेंटिमीटरवर असून गोणी 40 सेंटिमीटरवर ठेवली, तर गोणीचा एकतृतीयांश भार, म्हणजे सुमारे 17 किलोग्रॅम, हातांवर येतो. म्हणून गोणी नेहमी चाकाकडे सरकवून ठेवावी. पायरीवर भक्कम फळी टाकावी व मऊ जमिनीवरही फळ्या अंथराव्यात. वाळू वाहताना घमेले काठोकाठ भरण्याऐवजी दोन खेपा अधिक कराव्यात.

साठवण

गोण्या कोरड्या, बंदिस्त जागी जमिनीपासून 15 सेंटिमीटर उंच फळ्यांवर रचाव्यात. भिंतीपासून किमान 30 सेंटिमीटर अंतर सोडावे. थप्पी दहा गोण्यांहून उंच नसावी; घरच्या कामात ती छातीच्या उंचीपर्यंतच ठेवल्यास गोणी काढताना श्रम व धोका दोन्ही कमी होतात. आधी आलेली गोणी आधी वापरावी. तीन महिन्यांहून अधिक काळ पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद घटते. म्हणून गरजेपुरताच माल आणावा.

सिमेंटपासून दक्षता

सिमेंट ओलाव्याशी येताच तीव्र अल्कधर्मी बनते. घामेजलेल्या खांद्यावर उघडी गोणी घेतल्यास त्वचा भाजते. म्हणून खांद्यावर जाड कापड, पायांत बंद पादत्राणे व नाकातोंडावर फडके असावे. डोळ्यांत सिमेंट गेल्यास न चोळता, पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे धुवावे व त्वरित वैद्याकडे जावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात बांधकाम निघेल तेथे गोणी उचलण्याचे व हातगाड्यावर ठेवण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. खताच्या व धान्याच्या पोत्यांनाही हीच रीत लागू पडते. म्हणून एकदा शिकलेली ही गोष्ट शेतकऱ्याला वर्षभर उपयोगी पडेल.