दूरची वार्ता व विचारी मूल

पृथ्वीच्या एखाद्या कोपऱ्यांत अनर्थ घडला कीं त्याची वार्ता हल्लीं क्षणार्धांत घरोघरीं पोंचते. बहुतेक मुलें ती ऐकून खेळावयास जातात. परंतु कांहीं हळवीं व विचारी मुलें तिचें गणित मांडीत बसतात. ‘तिकडे समुद्र गांवांत शिरला, मग आपल्याकडे कां शिरणार नाहीं?’ असें तें मूल रात्रीं विचारतें, आणि आम्ही वडील माणसें ‘भलतें कांहीं बोलूं नकोस’ म्हणून दिवा मालवितों. येथेंच आमची चूक होते.

दि. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्रा बेटानजीक समुद्रतळाशीं प्रचंड भूकंप होऊन उसळलेल्या लाटांनीं दोन लाखांहून अधिक माणसांचा बळी घेतला. याविषयीं मुलानें विचारल्यास ‘आपल्याकडे असें कधींच होणार नाहीं’ असें सांगूं नये. नोव्हेंबर १९४५ मध्यें मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या, हें त्यास केव्हां तरी कळेल. आणि मग आमच्या दुसऱ्या कोणत्याहि शब्दावर त्याचा विश्वास बसणार नाहीं.

त्यापेक्षां खरें कारण सांगावें. अशा लाटा बहुधा समुद्रतळाच्या मोठ्या भूकंपानें उत्पन्न होतात. नकाशा काढून त्या जागा दाखवाव्या. २००४ सालीं हिंदी महासागरांत अशा लाटांचा इशारा देणारी व्यवस्था नव्हती; २००७ पासून हैदराबाद येथील केंद्र भूकंपाची नोंद घेऊन किनाऱ्यास इशारा देतें, हेंहि सांगावें. मनुष्य हातपाय गाळून बसलेला नाहीं हें कळलें कीं भीतीस बांध पडतो. मात्र अनर्थाचीं तींच तीं चित्रें मुलांस वारंवार पाहूं देऊं नयेत. त्यांनीं ज्ञान वाढत नाहीं, भय वाढतें.

विद्यार्थिमित्रहो, त्याच दिवशीं थायलंडांतील फुकेत बेटावर दहा वर्षांची एक इंग्रज मुलगी आईबापांसह किनाऱ्यावर होती. समुद्रास आलेला विचित्र फेस पाहून तिला दोन आठवड्यांपूर्वींचा भूगोलाचा धडा आठवला. तिनें आग्रह धरला, वडील माणसांनीं ऐकलें, आणि किनारा वेळींच रिकामा होऊन तेथील माणसें वाचलीं.

तात्पर्य, प्रश्न विचारणें हा भित्रेपणा नव्हे. ज्या मुलाचा प्रश्न आम्ही दिव्याबरोबर मालवितों, तें उद्यां विचारणें सोडून देईल. भीति मात्र अंधारांत त्याच्या उशाशीं बसून राहील.