शेटलंडचा हिवाळा आणि लोकरीचा हिशेब
कारागीर व व्यापारी बांधवांसाठी एक धडा

पवित्र कुरआनच्या सूरह नहलमध्ये (आयत ८०) जनावरांच्या लोकर व केसांपासून माणसाला घरगुती सामान आणि उपयोगाच्या वस्तू मिळतात, याचा उल्लेख अल्लाहची देणगी म्हणून आला आहे. मात्र लोकरीची वस्तू बनेपर्यंत तिला अनेकांचे हात लागतात. पाळणारा, पिंजणारा, कातणारा, विणणारा आणि विकणारा. या प्रत्येकाच्या पदरात काय पडते, हा धंद्यातला सर्वांत जुना प्रश्न आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. जरीकाम, भरतकाम, घोंगडी, नमदा किंवा घरबसल्या होणारे कोणतेही काम करणाऱ्यांना व करवून घेणाऱ्यांना त्यातून बरेच शिकता येईल.

लहान शेती, लहान मेंढी

शेटलंड बेटे साधारण ६० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. तेथे झाडे फार थोडी, जमीन हलकी आणि वारा सतत. तेथील लहान शेतीला क्रॉफ्ट म्हणतात. बटाटे, कोबीच्या जातीची केल नावाची भाजी, एखादी गाय आणि काही मेंढ्या, एवढाच बहुतेक कुटुंबांचा पसारा असे. पुरुष मासेमारीसाठी समुद्रावर जात आणि शेती, जनावरे व लोकरीचे काम बहुतांशी स्त्रियांवर येई.

शेटलंडची मेंढी अंगाने लहान पण काटक असते. तिची लोकर मऊ असून पांढरा, करडा, तपकिरी, काळा अशा अनेक नैसर्गिक रंगांत मिळते. एका मेंढीपासून वर्षाला साधारण एक ते दीड किलो लोकर निघते. पूर्वी उन्हाळ्याच्या सुरुवातीला लोकर आपोआप सैल झाली की ती कात्रीने न कापता हाताने उपटून काढीत.

हिवाळ्यातील कामे

ऐन डिसेंबरात तेथे सहा तासांहूनही कमी उजेड असतो. समुद्रामुळे थंडी फार टोकाला जात नाही, पण वादळ आणि पाऊस पाठ सोडत नाहीत. मेंढ्या बहुतेक बाहेरच राहतात आणि दगडी बांधांच्या आडोशाला उभ्या राहतात. नोव्हेंबरच्या सुमारास नर कळपात सोडतात. मेंढी सुमारे पाच महिने गाभण राहते, म्हणून कोकरे एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात, गवत फुटण्याच्या वेळी जन्मतात. हिवाळ्यात वाळलेले गवत व केल घालून मेंढ्या जगवतात. ओहोटीला त्या किनाऱ्यावर उतरून समुद्रशेवाळही खातात.

या चाऱ्याचा संबंध थेट मालाच्या दर्जाशी आहे. मेंढी उपाशी राहिली किंवा आजारी पडली, तर त्या काळात वाढलेला लोकरीचा भाग बारीक व कमजोर होतो. पुढे पिंजताना तंतू नेमका तेथेच तुटतो. म्हणजे विणणाऱ्याच्या हातातील सुताचा दर्जा मेंढपाळाने हिवाळ्यात घातलेल्या चाऱ्यावर ठरतो.

घरात उन्हाळ्यातील लोकर साठवलेली असे. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीट नावाच्या जळणाच्या उबेला शेजारणी एका घरी जमत आणि लोकर पिंजत. मग चरख्यावर सूत आणि सुयांवर विणकाम. कमरेला बांधलेल्या चामडी पट्ट्यात एक सुई खोचून, पाठीवर पीटची टोपली घेऊन चालतानाही या स्त्रिया विणत असत.

निवड आणि सफाई

एकाच मेंढीची सगळी लोकर सारखी नसते. मानेची व खांद्याची लोकर सर्वांत मऊ, तर मागच्या मांडीची जाड असते. शेटलंडच्या स्त्रिया मानेची लोकर जाळीदार शालींसाठी बाजूला काढीत, मधली अंगात घालायच्या कपड्यांसाठी आणि जाड लोकर भरड कामासाठी वापरीत. तेथील अन्स्ट बेटाच्या शाली इतक्या तलम की अंगठीतून आरपार जात. आपल्याला ही ख्याती काश्मीरच्या पश्मिन्यामुळे परिचित आहे. शाल विणून झाल्यावर ती धुऊन लाकडी चौकटीवर ताणून वाळवीत. त्यानंतरच नक्षी उठून दिसे आणि माल विकण्यास योग्य होई. निवड व सफाई यांना भांडवल फारसे लागत नाही, पण दरात फरक येथेच पडतो.

मजुरीऐवजी चहा

एवढे कसब असूनही या स्त्रियांच्या हातात रोख पैसा क्वचितच येई. दुकानदार विणलेला माल घेई आणि बदल्यात चहा, कापड व किराणा देई. कधी तर फक्त चिठ्ठी मिळे, जी त्याच दुकानात वटवावी लागे. १८७२ साली सरकारी चौकशी झाली, तेव्हा अनेक स्त्रियांनी स्वतः साक्षी दिल्या. घरात पीठ नाही आणि हातात मात्र चहाची पुडी, अशी स्थिती होती. मग तो चहा शेजारी देऊन त्यांना पीठ मिळवावे लागे. सूत दुकानदाराकडूनच उधार घेतलेले असले, तर दुसरीकडे माल विकण्याची सोयही उरत नसे.

१८८७ च्या कायद्याने मजुरीऐवजी वस्तू देण्याच्या या पद्धतीला घरी विणणाऱ्यांच्या बाबतीतही बंदी घातली. तरी ती बराच काळ रेंगाळली. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या युवराजाने फेअर आयल या बेटाच्या नक्षीचा स्वेटर घातला आणि त्या नक्षीला मोठी मागणी आली. मात्र हाताने विणणारीची तासाची कमाई अल्पच राहिली. १९७० च्या दशकात बेटांवर खनिज तेलाचा उद्योग आला, चांगल्या पगाराची कामे मिळू लागली आणि अनेक हातांनी सुया खाली ठेवल्या. मागणी होती, कसब होते, पण त्या मजुरीवर काम करायला माणसे राहिली नाहीत.

हिशेब कसा करावा

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा एका शालीचे ९०० रुपये ठरले. सुताचा खर्च १५० रुपये आणि विणायला ६० तास लागले. रोख मिळाले तर ७५० रुपये उरतात, म्हणजे तासाला साडेबारा रुपये. पण ९०० रुपयांचा माल मिळाला आणि त्या दुकानाचा भाव बाजारापेक्षा २० टक्के चढा असेल, तर त्या मालाची खरी किंमत ७५० रुपयेच. सूत वजा जाता ६०० रुपये, म्हणजे तासाला दहा रुपये. अडीच रुपये प्रत्येक तासाला न दिसता गेले. वहीत मात्र ९०० लिहिलेलेच राहतात.

कच्च्या मालाचेही तसेच आहे. १० किलो लोकर ४० रुपयांनी घेतली आणि धुऊन निवडून ७ किलो उरली, तर किलोचा भाव ४० नव्हे, ५७ रुपये पडला. घट न धरता दर सांगणारा कारागीर स्वतःच्या मजुरीतून ती भरतो.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीची लोकर जाड व बहुधा काळसर असते. तिच्यापासून शेटलंडसारखी तलम शाल होणार नाही. पण सनगर समाजाची घोंगडी आणि कर्नाटकातील काही पिंजारी कुटुंबांचे नमदे याच लोकरीतून घडले. मालाच्या स्वभावाप्रमाणे वस्तू ठरवावी, दुसऱ्याची नक्कल करू नये. शेटलंडने २०११ साली आपल्या लोकरीच्या नावाला युरोपात कायद्याचे संरक्षण मिळवले, ते याच वेगळेपणाच्या जोरावर.

पुढील गोष्टी प्रत्येकाने आपल्या धंद्यात तपासून पाहाव्यात :

१) कच्चा माल प्रतीप्रमाणे वेगळा करा. मिसळलेल्या मालाला सर्वांत हलक्या प्रतीचाच भाव मिळतो.

२) कामाचे तास लिहा. घरातील स्त्रियांच्या मेहनतीचे तासही त्यात धरा.

३) सूत, जर किंवा कापड उधार देताना व घेताना वजन, दर व तारीख दोघांच्या वहीत लिहा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. ती लहान व्यवहारात टाळली जाते आणि भांडणे तेथूनच सुरू होतात.

४) मजुरी रोख व वेळेवर द्या. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी देण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केली आहे. आपल्याच दुकानातून माल घेण्याची अट मजुरीला जोडू नका.

५) कारागिराने एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहू नये. दोन-चार जणांनी मिळून कच्चा माल घेतला, तर उधारीचे ओझेही कमी होते.

आपल्या वस्त्यांमध्ये आजही अनेक भगिनी घरी बसून नगावर काम करतात. त्यांच्याकडून काम घेणाऱ्या बांधवांनी आपली वही एकदा या दृष्टीने उघडून पाहावी. कारागिराचा हक्क ही व्यापाऱ्याजवळची अमानत आहे. ती चोख परत केली तरच रोजीत बरकत येते आणि धंदाही पुढच्या पिढीच्या हातात टिकतो. अल्लाह आपणा सर्वांना त्याची तौफीक देवो.